वाढत्या शहरात रस्त्यांची जोडणी आणि पसारा कसा मोजावा

शहर वाढते तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी बदलतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली पसारा: माणशी किती जमीन बांधकामाखाली गेली, नवी वस्ती जुनीला लागून उभी राहिली की मधली जागा सोडून लांब जाऊन बसली. दुसरी जोडणी: एका दारातून दुसऱ्या दारी जायला किती वाटा आहेत आणि त्या किती वळसा घालायला लावतात. उंच इमारतींचे संकुल एकाच फाटकातून बाहेर पडत असेल, तर जमीन कमी लागते पण जोडणी वाईट असते. रुंद आखीव चौकोनांत विरळ घरे असतील, तर जमीन भरपूर जाते पण वाटा मोकळ्या राहतात. म्हणून दोन्ही मोजमापे वेगळी घ्यायची आणि शेवटी शेजारी ठेवून वाचायची.

पूर्ण शहराची एकच सरासरी काढून थांबू नका. सरासरीत जुन्या गाभ्याचे चौक इतके असतात की गेल्या दहा-पंधरा वर्षांत कडेला काय झाले ते त्यात बुडून जाते. आणि कडेला आज जे होते ते पुसता येत नाही. इमारत पन्नास वर्षांत पाडून नवी बांधता येते, पण रस्त्याची रेघ टिकते, कारण तिच्या दोन्ही बाजूंना मालकीच्या हद्दी पक्क्या झालेल्या असतात. १६६६ च्या आगीत लंडनचा जुना भाग जळून गेला, नव्या आखणीचे आराखडेही मांडले गेले, तरी शहर बहुतांशी जुन्याच रस्त्यांवर पुन्हा उभे राहिले. सॅन फ्रान्सिस्कोत १९०६ च्या भूकंपानंतर आणि आगीनंतर हेच झाले. त्यामुळे खरा प्रश्न ‘शहर किती जोडलेले आहे’ हा नाही, तर ‘प्रत्येक कालखंडात भर पडलेला भाग किती जोडलेला आहे’ हा आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच प्रश्नासाठी आहेत.

शहराची हद्द आधी ठरवा

प्रशासकीय हद्द वापरू नका. ती कधी बांधकामाच्या खूप आत असते, कधी शेतजमिनी पोटात घेऊन बसलेली असते, आणि मधल्या काळात हद्दवाढ झाली असेल तर दोन वर्षांची तुलनाच निरर्थक ठरते. दोन पद्धती चांगल्या आहेत.

पहिली लोकसंख्येवर चालते. १ चौ. किमीच्या चौकोनांची जाळी टाकायची, दर चौ. किमी किमान १,५०० लोक असलेले एकमेकांना लागून असलेले चौकोन एकत्र करायचे, आणि त्यांची एकूण लोकसंख्या ५०,००० वर गेली तर ते नागरी केंद्र धरायचे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये ही व्याख्या मान्य केली, त्यामुळे देशोदेशींची तुलना करायची असेल तर हीच घ्या.

दुसरी बांधकामावर चालते आणि कडेचा अभ्यास करायला ती अधिक उपयोगी आहे. श्लोमो एंजेल यांच्या नेतृत्वाखाली न्यूयॉर्क विद्यापीठात २०० शहरांच्या विस्ताराचे नकाशे झाले, त्यात ही वापरली आहे. उपग्रह-प्रतिमेतल्या प्रत्येक बांधलेल्या ठिपक्याभोवती १ चौ. किमी क्षेत्रफळाचे वर्तुळ घ्यायचे, म्हणजे त्रिज्या ५६४ मीटर. वर्तुळातली निम्मी किंवा अधिक जागा बांधलेली असेल तर ठिपका नागरी, पाव ते निम्मी असेल तर उपनगरी, त्याहून कमी असेल तर ग्रामीण. शहराच्या कडेला अर्धवट भरलेला पट्टा किती रुंद आहे हे या पद्धतीत स्पष्ट दिसते.

कुठलीही पद्धत घ्या, पण सगळ्या वर्षांसाठी तीच घ्या आणि ती अहवालात लिहा.

वाढीचे पट्टे पाडा

प्रत्येक जागा पहिल्यांदा कधी बांधली गेली हे कळायला उपग्रहावरून बनवलेले बांधकामाचे थर लागतात. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचा जीएचएसएल हा थर मोफत मिळतो. १९७५ पासून दर पाच वर्षांचा आहे आणि १०० मीटरच्या चौकोनात किती चौ. मीटर बांधकाम आहे ते सांगतो. २०२५ आणि २०३० चे आकडे त्यात अंदाज म्हणून आहेत. ते मोजमापात घेऊ नका.

१०० मीटरच्या चौकोनात १०,००० चौ. मीटर असतात. त्यातले २० टक्के, म्हणजे २,००० चौ. मीटर, ज्या वर्षी ओलांडले ते त्या चौकोनाचे जन्मवर्ष धरा. हा उंबरठा आपण निवडलेला आहे, म्हणून १० आणि ३० टक्क्यांनीही गणित करून पाहा. निष्कर्ष उलटत असेल तर तो निष्कर्ष नव्हे. मग तीन-चार पट्टे पाडा: १९७५ पूर्वीचा, १९७५ ते १९९०, १९९० ते २००५, २००५ ते २०२०. दर पाच वर्षांचा पट्टा पाडायचा मोह होतो, पण लहान शहरात एवढ्याशा काळात शंभर चौकही वाढलेले नसतात आणि आकडे उगाच हेलकावे खातात.

इथे तीन चुका सर्रास होतात. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून रेखाटलेल्या मोफत नकाशाचा इतिहास म्हणजे रस्त्यांचा इतिहास असे समजणे ही सर्वांत घातक. तो प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला. रस्ता २०११ मध्ये नकाशावर आला याचा अर्थ त्या वर्षी कुणीतरी तो रेखाटला, एवढाच. दुसरी चूक महामार्गांची. शेतातून जाणारा शंभर वर्षे जुना रस्ता नव्या पट्ट्यात सापडतो आणि त्याचे वय चुकीचे लागते. म्हणून रस्त्याच्या रेघेला वय न देता चौकाला द्या, आणि त्याच्याभोवतीच्या १०० मीटरमधल्या बहुसंख्य चौकोनांचे वर्ष घ्या. तिसरी चूक जुन्या प्रतिमांवर डोळे झाकून विसंबण्याची. १९७० च्या दशकातल्या लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा आजच्यापेक्षा बऱ्याच भरड आहेत. ३० मीटरचा संवेदक १९८२ नंतरचा. त्यामुळे १९७५ च्या थरात विरळ वस्ती निसटलेली असते. जुना स्थलनिर्देशक नकाशा मिळाला तर दहा-वीस ठिकाणे त्याच्याशी ताडून पाहाच.

रस्त्यांचे जाळे मिळवा आणि स्वच्छ करा

संपूर्ण कामाचा निम्म्याहून अधिक वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. निकालातले बहुतेक घोळ गणितात नसतात, इथे असतात.

जाळे ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये हाताने करता येते. पायथन ही संगणकभाषा येत असेल तर जेफ बोइंग यांचे ओएसएमएनएक्स वापरा, त्यात खालच्या बऱ्याच पायऱ्या तयार आहेत. दोन जाळी वेगवेगळी बांधा.

वाहनांच्या जाळ्यात प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी, रेसिडेन्शियल, अनक्लासिफाइड आणि लिव्हिंग स्ट्रीट हे ओपनस्ट्रीटमॅपमधले रस्त्यांचे प्रकार ठेवा. मोटरवे, शेताकडे जाणारे ट्रॅक आणि सर्व्हिस प्रकारातले ड्राइव्हवे व पार्किंगच्या रांगा काढा. एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळातल्या रांगा राहून गेल्या तर त्या पट्ट्यात डझनभर खोटे चौक उभे राहतात. पायी जाळ्यात पायवाटा, जिने आणि बोळ आले पाहिजेत. मात्र मुख्य रस्त्याला समांतर स्वतंत्र रेखाटलेले पदपथ काढा, नाहीतर एकाच चौकाचे आठ-दहा बिंदू होतात. फाटकाआडचे खासगी रस्ते वेगळ्या यादीत ठेवा. त्यांच्यासह एकदा आणि त्यांच्याशिवाय एकदा मोजले की फाटकांमुळे शहराने किती वाटा गमावल्या ते थेट दिसते.

आता स्वच्छता, याच क्रमाने:

१. अभ्यासक्षेत्राच्या बाहेर किमान १ किमीपर्यंतचे जाळे उतरवा, गणित त्यावर करा आणि मगच हद्दीत कापा. आधी कापले तर हद्दीवर तुटलेला प्रत्येक रस्ता बंद गल्ली म्हणून मोजला जातो. नव्या पट्ट्याला बाहेरची हद्द लांब असते, म्हणून ही चूक नेमकी नव्या भागालाच बदनाम करते.

२. अंश-मिनिटांतले निर्देशांक मीटरमध्ये न्या. त्या प्रदेशाचे यूटीएम प्रक्षेपण पुरते. जाळे, बांधकामाचा थर आणि हद्द तिन्ही एकाच प्रक्षेपणात हवेत.

३. जिथे रस्ते खरोखर मिळतात तिथेच तोडा. उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग कागदावर छेदतात, जमिनीवर नाही. क्यूजीआयएसमध्ये सगळ्या रेषा सरसकट एकमेकींनी तोडल्या तर हे खोटे चौक तयार होतात.

४. फक्त वळण दाखवणारे बिंदू काढून टाका. नोड म्हणजे चौक, तिठा किंवा बंद टोक. दोन नोडमधला तुकडा म्हणजे एक दुवा.

५. दुभाजक असलेले दोन रस्ते मिळतात तिथे चार बिंदू पडतात. ते एक करा, वाहतूक बेटांभोवतीची वर्तुळेही एकाच नोडमध्ये गोळा करा. ओएसएमएनएक्समध्ये यासाठी दिलेले अंतर ही त्रिज्या असते. १० मीटर दिले तर २० मीटरपर्यंत लांब असलेले नोड एकत्र होतात. जुन्या दाट गाभ्यात २० मीटर दिले तर खरे वेगळे बोळही एकमेकांत विरघळतात. १० ने सुरुवात करा आणि प्रत्येक पट्ट्यातले वीस-तीस चौक प्रतिमेवर डोळ्यांनी तपासा.

६. शेवटी तुटके तुकडे शोधा. मुख्य जाळ्यापासून अलग पडलेली वसाहत बहुधा रेघ काही सेंटीमीटर कमी पडल्यामुळे अलग पडलेली असते.

जोडणीचे गणित

छोटे उदाहरण घेऊ. पाच उभे आणि पाच आडवे रस्ते: २५ नोड, ४० दुवे. त्याच्याशेजारी २५ नोडचीच, पण झाडाच्या फांद्यांसारखी पसरलेली वसाहत: १ चौक, १० तिठे, १४ टोके, आणि २४ दुवे.

दुवे भागिले नोड हे गुणोत्तर पहिल्यात १.६० येते, दुसऱ्यात ०.९६. बरेच आराखडा-नियम किमान १.४ मागतात. अमर्याद चौकोनी जाळीत ते २ कडे जाते. प्रत्येक नोडला सरासरी किती रस्ते मिळतात ते काढले तर ३.२ आणि १.९२. नीट पाहा, हा आकडा पहिल्याच्या बरोबर दुप्पट आहे आणि नेहमीच असणार, कारण प्रत्येक दुव्याला दोन टोके असतात. अहवालात दोन्ही देऊन ‘दोन निर्देशक एकच गोष्ट सांगतात’ असे लिहिलेले असते तेव्हा तो पुरावा एकच असतो.

बंद वेढे, म्हणजे फिरून त्याच जागी येता येईल अशा स्वतंत्र वाटा, मोजायला दुव्यांतून नोड वजा करून एक मिळवा. जाळीत १६, फांद्यांत शून्य. शून्याचा अर्थ गंभीर आहे: कुठलाही एक रस्ता खणला, तुंबला किंवा आगीने अडला तर त्यापलीकडची सगळी घरे तुटतात.

हे मोजमाप मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण वळणबिंदू काढले की ठेवले याने ते हलत नाही. जाळीच्या चार कोपऱ्यांना दोनच रस्ते मिळतात. चौथ्या पायरीत ते वळणबिंदू म्हणून गळतील. मग २१ नोड आणि ३६ दुवे उरतात, गुणोत्तर १.६० वरून १.७१ होते, पण वेढे १६ चे १६. जमिनीवर एक इंचही बदललेले नसताना गुणोत्तर सात टक्क्यांनी वाढले. म्हणून दोन वेगळ्या अहवालांतली गुणोत्तरे, स्वच्छतेची पद्धत न पाहता, कधीही शेजारी ठेवू नका.

याशिवाय प्रत्येक पट्ट्यासाठी बंद टोकांचा वाटा काढा. वरच्या फांद्यांत १४ पैकी एक टोक प्रवेशाचे धरले तरी १३, म्हणजे ५२ टक्के नोड बंद आहेत. चौकांचा, म्हणजे चार रस्ते मिळणाऱ्या नोडचा, वाटा काढा. आणि एकमेव वाटांचा वाटा काढा: जो दुवा काढला की जाळ्याचे दोन तुकडे होतात, अशा दुव्यांची एकूण लांबी भागिले रस्त्यांची एकूण लांबी. हा शेवटचा निर्देशक कमी वापरला जातो, पण नव्या वसाहतींचा दोष याच्याइतका उघड कशातच होत नाही.

हे सगळे आकडे आकारापासून स्वतंत्र आहेत. एक किलोमीटरच्या चौकोनांची जाळीही १.६ देईल आणि तिथे चालत जाणे अशक्य असेल. म्हणून घनता हवी. रस्त्यांच्या मध्यरेषांमधले अंतर मीटरमध्ये घ्या, १,००० ला त्याने भागा. उत्तराचा वर्ग म्हणजे दर चौ. किमी चौक, आणि उत्तराची दुप्पट म्हणजे दर चौ. किमी रस्त्याचे किलोमीटर. बार्सिलोनात सेर्दा या अभियंत्याच्या १८५९ च्या आराखड्यातले गाळे, म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेले तुकडे, ११३.३ मीटरचे आणि नेहमीचे रस्ते २० मीटरचे, म्हणजे अंतर १३३.३: सुमारे ५६ चौक, १५ किमी रस्ते. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या मध्यभागात २०० फुटांचे गाळे आणि ६० फुटांचे रस्ते, अंतर सुमारे ७९ मीटर: जवळपास १६० चौक. सॉल्ट लेक सिटीत ६६० फुटांचे गाळे आणि १३२ फुटांचे रस्ते, अंतर २४१ मीटर: जेमतेम १७. तिन्ही शहरे काटेकोर चौकोनी, तिन्हींचे दुवा-नोड गुणोत्तर सारखेच चांगले, आणि पायी चालणाऱ्याचा अनुभव पूर्ण वेगळा.

संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट ही संस्था दर चौ. किमी किमान १८ किमी रस्ते आणि ८० ते १०० चौक सुचवते. सूत्रात उलटे घातले तर १८ किमीला १११ मीटरचे अंतर लागते आणि ८० चौकांना ११२ चे. दोन्ही अटी एकाच जाळीकडे बोट दाखवतात. घनता काढताना भागाकार बांधलेल्या क्षेत्राने करायचा, पट्ट्याच्या एकूण क्षेत्राने नाही, नाहीतर तलाव आणि टेकड्या जोडणीला खाली ओढतात.

वळशाचे मोजमाप

प्रत्यक्ष चालावे लागणारे अंतर भागिले सरळ रेषेतले अंतर. पट्ट्यातून यादृच्छिक ५०० जोड्या निवडा, सरळ अंतर २०० ते ५०० मीटर ठेवा, पायी जाळ्यावर सर्वांत छोटा मार्ग काढा. सुरुवात आणि शेवट जवळच्या नोडवर न टाकता जवळच्या रस्त्यावरच्या नेमक्या जागी टाका. लांब गल्ल्यांत एवढ्या एका फरकाने उत्तर बदलते.

आदर्श चौकोनी जाळीतही हे गुणोत्तर १ नसते. कर्णाच्या दिशेने जास्तीत जास्त १.४१ आणि सर्व दिशांची सरासरी सुमारे १.२७ येते. म्हणून १.५ च्या वरच्या जोड्यांत वाट अडवणारे काहीतरी नक्की आहे असे समजा, आणि ३ च्या वरच्या नकाशावर वेगळ्या रंगात काढा. पाठीला पाठ लागलेल्या दोन वसाहतींतल्या घरांत सरळ अंतर २४० मीटर आणि रस्त्याने १.२ किमी असेल तर गुणोत्तर ५ येते. अशा जोड्या सरासरीत दिसत नाहीत, म्हणून मध्यक आणि वरचे दहा टक्के दोन्ही द्या. अंतराचा टप्पाही नेहमी सांगा, कारण सरळ अंतर वाढले की गुणोत्तर आपोआप उतरते. पाच किलोमीटरच्या प्रवासात मुख्य रस्ता वळसा भरून काढतो, शाळेपर्यंतच्या चारशे मीटरमध्ये तो काही मदत करत नाही.

डोंगरउतारावर मात्र सावध राहा. तिथे नागमोडी रस्ता चढ कमी करण्यासाठी असतो. जिने पायी जाळ्यात आले आहेत ना, एवढे पाहा.

पसाऱ्याचे मोजमाप

शाश्वत विकास उद्दिष्टांतला निर्देशक ११.३.१ जमीन वापरण्याचा वेग आणि लोकसंख्यावाढीचा वेग यांचे गुणोत्तर घेतो. समजा १५ वर्षांत बांधलेले क्षेत्र ८० वरून ११६ चौ. किमी झाले आणि लोकसंख्या १२ लाखांवरून १६.२ लाख. जमिनीचा वेग: वाढ ३६ भागिले ८०, भागिले १५, म्हणजे वर्षाला ०.०३०. लोकसंख्येचा वेग: १.३५ चा नैसर्गिक लॉगरिदम ०.३००, भागिले १५, म्हणजे ०.०२०. गुणोत्तर १.५.

पण जमिनीचा वेग साधा आणि लोकसंख्येचा लॉगरिदमने असा हा मेळ आहे. दोन्ही लॉगरिदमने काढले तर जमिनीचा वेग ०.०२४८ येतो आणि गुणोत्तर १.२४ वर उतरते. त्याच शहरात माणशी बांधलेली जमीन ६६.७ वरून ७१.६ चौ. मीटर झाली, म्हणजे फक्त सात टक्के वाढ. ‘जमीन दीडपट वेगाने गिळली’ आणि ‘माणशी जमीन सात टक्के वाढली’ ही दोन्ही विधाने एकाच शहराबद्दल, एकाच आकड्यांवरून, खरी आहेत. म्हणून गुणोत्तर एकटे कधीच देऊ नका, माणशी जमीन सोबत द्या. लोकसंख्या जवळपास स्थिर असेल तर भाजक शून्याकडे जातो आणि गुणोत्तर आकाशाला भिडते. ती घटत असेल तर उत्तर ऋण येते आणि त्याला काही अर्थ उरत नाही. अशा शहरात फक्त माणशी जमीन वापरा.

नवी वाढ कुठल्या जातीची आहे तेही वेगळे करा: जुन्या बांधकामाच्या पोटातल्या मोकळ्या जागेत झालेली, कडेला चिकटून झालेली, आणि मध्ये अंतर सोडून उडी मारलेली. उडी मारलेली वाढ जोडणीच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची, कारण ती एका रस्त्यावर लटकते आणि पुढे मधली जागा भरते तेव्हा तिच्याशी जोडायला मोकळी टोके शिल्लक नसतात.

पट्टे शेजारी ठेवून वाचा

कल्पित शहराचे तीन पट्टे घ्या. १९७५ पूर्वीचा: ६,००० नोड, सरासरी ३.२ रस्ते. १९७५ ते २०००: ५,००० नोड, २.८. २००० ते २०२०: ४,००० नोड, २.५. पूर्ण शहराची सरासरी २००० मध्ये ३.०२ होती आणि २०२० मध्ये २.८८ झाली. ०.१४ ची घट कुणाच्या नजरेत भरत नाही. पण वीस वर्षांत जे बांधले ते तेव्हाच्या सरासरीपेक्षा ०.५२ ने खाली आहे. पट्टे याच कामासाठी पाडले.

तिठे जास्त म्हणजे वाईट, असे वाचू नका. जुन्या, हळूहळू वाढलेल्या गाभ्यात चौक कमी आणि तिठे फार असतात. तरी घनता इतकी असते की वळसा छोटाच राहतो. उलट, विमानातून चौकोनी दिसणारे शहर आतून तुटलेले असू शकते. चंदीगडचे सेक्टर ८०० बाय १,२०० मीटरचे आहेत. तिथे मुख्य रस्त्यांची जाळी सुरेख दिसते, पण खरी तपासणी सेक्टरच्या आतल्या वाटांची करावी लागते. बंद गल्ली वाहनाला बंद आणि पायी माणसाला उघडी असेल तर तिला दोष देऊ नका. दोन जाळी वेगळी बांधली ती यासाठीच.

नवी कड का तुटते

कारण बहुतेक वेळा एकच: प्रत्येक विकासक आपल्या जमिनीच्या आत विचार करतो. शेजारच्या जमिनीकडे रस्ता काढला की भूखंड कमी होतो, परक्यांची वर्दळ वाढते, फाटकाची सुरक्षा विकता येत नाही. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता रास्त असतो, आणि शंभर जणांच्या निर्णयांतून एकमेकींना पाठ फिरवलेल्या वसाहतींचा पट्टा तयार होतो. भर म्हणून मुख्य रस्ते दोन-तीन किलोमीटर अंतरावर असले की मधल्या सगळ्यांची गर्दी त्याच दोन चौकांत येते.

या रचनेला नियमांनीही हातभार लावला. न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये १९२९ साली बंद गल्ल्यांच्या जोडीला पायवाटांचे स्वतंत्र जाळे होते. नंतरच्या असंख्य नकलांनी गल्ल्या घेतल्या आणि पायवाटा सोडल्या. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जाच्या मार्गदर्शनातून चौकोनी आखणीला नापसंती दाखवली. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी अशीच पट्ट्यांची मोजणी केली. अमेरिकेत तुटलेपणा १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाढत गेला आणि मग उतरू लागला, तर जगभरात १९७५ पासूनची नवी भर एकंदरीत कमी जोडलेली होत चालल्याचे २०२० च्या अभ्यासात दिसले. अमेरिकेतला उतार महत्त्वाचा आहे: दिशा बदलता येते.

परिणामांचा अंदाज द्यायचा असेल तर युईंग आणि सर्व्हेरो या संशोधकांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे वापरा. चौकांची घनता १० टक्के जास्त असेल तिथे चालण्याचे प्रमाण सुमारे ३.९ टक्के जास्त आणि गाडीचा प्रवास सुमारे १.२ टक्के कमी आढळतो. हे सरासरी संबंध आहेत. एका वसाहतीत एक बोळ उघडला तर नेमके एवढेच होईल असे त्यावरून सांगता येत नाही.

भूखंड विकले जाण्याआधी काय करायचे

मुख्य रस्त्यांची जागा वाढीच्या आधी राखून ठेवा. एंजेल यांची सूचना साधी आहे: पुढच्या काही दशकांच्या विस्ताराच्या जागेवर एकमेकांपासून सुमारे १ किमी अंतरावर २५ ते ३० मीटर रुंद पट्टे आखा आणि ती जमीन ताब्यात घ्या, डांबर नंतर टाका. कोलंबियातल्या मॉन्तेरिया आणि वायेदुपार शहरांनी या वाटेने आखणी केली. आखलेली रेघ ताब्याशिवाय टिकत नाही. त्या पट्ट्यावर पहिले घर उभे राहिले की बाकीचे वर्षभरात येतात.

एक किलोमीटरच्या चौकटीच्या आत प्रत्येक आराखड्याला तीन अटी घाला. गाळ्याची परिमिती ४०० ते ५०० मीटरच्या पुढे नको. म्हणजे साधारण १०० ते १२५ मीटरची बाजू, वरच्या १८ किमीच्या हिशेबाशी जुळणारी. मोकळ्या शेजारच्या जमिनीकडे दर २०० मीटरला एक रस्ता हद्दीपर्यंत नेऊन सोडलेला हवा. आणि जिथे वाहनांचा रस्ता खरोखरच शक्य नाही तिथे किमान ३ मीटरची पायवाट, तीही सार्वजनिक मालकीची.

हद्दीपर्यंत सोडलेल्या टोकांचा घात कसा होतो ते आधीच जाणून घ्या. त्यांच्या तोंडाशी राहणारे लोक दहा वर्षांत त्याला आपले अंगण मानू लागतात आणि पलीकडचा रस्ता आला की विरोध करतात. म्हणून पहिल्या दिवसापासून तिथे ‘हा रस्ता पुढे जोडला जाईल’ अशी कायमची पाटी हवी आणि खरेदीखतात उल्लेख हवा. दोन्ही आराखड्यांतली टोके एकाच निर्देशांकावर आणि एकाच पातळीवर मिळतात का ते मंजुरीच्या टेबलावर तपासा. दोन मीटरचा उंचीतला फरक राहिला तर रस्ता होत नाही, भिंत होते. दुवा-नोड गुणोत्तर काढताना अशी टोके दुवे म्हणून धरली आणि नोड म्हणून धरली नाहीत तर १.४ सहज गाठता येते. ते आकडे खरे ठरायचे तर पाच वर्षांनी पुन्हा मोजणी हवी आणि न जोडलेले टोक बंद म्हणून मोजले पाहिजे.

फाटकांबाबत चीनच्या राज्य परिषदेने फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या बंदिस्त वसाहती थांबवण्याची आणि २०२० पर्यंत दर चौ. किमी ८ किमी रस्त्यांची दिशा दिली. मोठ्या गाळ्यांच्या शहरासाठी तो पहिला टप्पा म्हणून ठीक आहे, पण सूत्रात घालून पाहा: ८ किमी म्हणजे रस्त्यांमधले अंतर २५० मीटर, दर चौ. किमी १६ चौक.

आधीच तुटलेल्या भागात

इथे नवे रस्ते क्वचित होतात, तुकडे जोडता येतात. वळशाच्या तक्त्यातून ३ च्या वरच्या जोड्या घ्या आणि नकाशावर त्यांचे सरळ रेषेतले अडथळे पाहा. बहुतेक वेळा एकच भिंत, एक नाला किंवा एक रिकामा भूखंड शेकडो जोड्या अडवत असतो. प्रत्येक संभाव्य दुव्यासाठी जाळ्यात तो तात्पुरता घाला, मार्ग पुन्हा काढा, आणि किती रहिवाशांचे एकूण किती मीटर वाचले ते लिहा. त्याला अंदाजित खर्चाने भागून यादी क्रमाने लावा. शाळा, दवाखाना आणि बसथांबा यांच्या ५०० मीटरच्या आतल्या जोड्यांना दुप्पट वजन द्या.

पहिल्या दहा जागा पायी जाऊन पाहा. नकाशावर रिकामी दिसणारी जागा कुंपणाने घेरलेली असते, आणि नकाशावर बंद दिसणाऱ्या भिंतीत लोकांनी कधीच वाट पाडलेली असते. अशी वापरातली वाट सापडली तर ती यादीत सर्वांत वर न्या: मागणी सिद्ध झालेली आहे, काम फक्त कायदेशीर हक्क, फरशी आणि दिव्याचे आहे. मालकी ठरवताना तीन मीटरच्या पट्ट्याची मोजणी करून तो सार्वजनिक म्हणून नोंदवा, तोंडी परवानगीवर विसंबू नका. भूखंड विकला गेला की नवा मालक पहिल्या आठवड्यात फाटक लावतो. वाट उघडल्यावर सहा महिन्यांनी त्याच ५०० जोड्यांवर वळसा पुन्हा मोजा आणि तक्त्यात जुन्या आकड्याशेजारी नवा लिहा.